मांडवीचा ताप आणि डॉ. व्हिएगस



12 मे हा परिचारिका दिन. तातडीच्या विभागात, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तिथे, काम करणाऱ्या नर्सला काय काय यावे लागते यावर या पानावर काही लिहा, अशी विनंती आपल्या धर्मग्रामातील काही नर्स भगिनींनी केली आहे. लालबाग-परळच्या माणसाला हा विषय परका नाही. केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळे आपल्या शेजारीच आहेत आणि आपल्यातील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी रात्री-अपरात्री त्यांच्या दारात उभे राहिलेले आहे. मात्र आम्ही नर्सिंग शिकलेलो नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. म्हणून कामांची यादी देण्यापेक्षा एका माणसाचे चरित्र सांगावे असे ठरविले. संत कॅमिलस यांच्याविषयी दर जुलै महिन्यात प्रवचनात बोलणे होतेच. या वेळी आपल्याच शहरातला माणूस घेऊ या.

डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ, पाहिलेला असेल. पाहिला म्हणजे त्याच्या बाजूने बस पकडायला धावलो असू. ते नर्स नव्हते, डॉक्टर होते. तरी कॅज्युअल्टीच्या दाराशी उभ्या असलेल्या नर्सचे जे पहिले काम, तेच काम त्यांनी 1896 साली सबंध मुंबईसाठी केले.

त्यांचा जन्म 1 एप्रिल 1856 रोजी गोव्यात बारदेशातील हडफडे गावी झाला. या गावाला आर्पोरा असेही म्हणतात. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि मुलगा धोबीतलावच्या सेंट झेवियर्स हायस्कुलात दाखल झाला. 1874 मध्ये तो चांगल्या गुणांनी मॅट्रिक झाला, मग भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेला आणि 1880 मध्ये सन्मानाने डॉक्टर झाला. त्यानंतर त्यांनी मांडवीत दवाखाना सुरू केला.

ही मांडवी मशीद बंदरच्या बाजूची. बंदर जवळ, धान्याची गोदामे, त्यांच्यावर आणि त्यांच्यामागे माणसांनी गच्च भरलेल्या चाळी. काही खोल्यांत दिवसाही दिवा लावल्याशिवाय काही दिसत नसे. गोदामांत धान्य म्हणजे उंदीर आलेच. अशा वस्तीत डॉक्टरला चांगले पैसे मिळत असतील असे नाही, पण नाना तऱ्हेचे ताप पाहायला मिळत असणार. 1888 मध्ये व्हिएगस नगरपालिकेच्या राजकारणातही उतरले. रोज दवाखान्यात दिसणाऱ्या गोष्टी पालिकेत बोलता याव्यात, असा त्यामागे हेतू असावा असे आम्हांला वाटते.

1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगची मोठी साथ झाली होती. त्याच साथीत येर्सिन आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी प्लेगचा जंतू शोधला. हाँगकाँगहून मुंबईला बोटी येत होत्या, म्हणजे धोका कागदावर सगळ्यांना ठाऊक होता. 1896 च्या पावसाळ्यात मांडवीच्या गोदामांत उंदीर मरून पडू लागले. मग माणसे तापाने फणफणू लागली. मुंबईला ताप नवीन नव्हता. मलेरिया होता, विषमज्वर होता, दुष्काळाकडे झुकलेल्या गावांतून आलेली अशक्त माणसे होती. तापाला नाव द्यायचे तर सोयीची नावे भरपूर होती.

सप्टेंबरमध्ये व्हिएगस यांनी असे काही रोगी तपासले. जोराचा ताप, ग्लानी, आणि जांघेत, काखेत किंवा मानेला सुजलेल्या गाठी. काही दिवसांतच, कधी काही तासांतच, मृत्यू. या गाठी सहज दिसणाऱ्या नव्हेत. त्यासाठी रोग्याचे पांघरूण काढावे लागते, कपडे बाजूला सारून हात लावून पाहावे लागते. अंधाऱ्या खोलीत, भोवती नातेवाईक जमलेले, रोगी स्त्री असेल तर त्याहून अवघड. कॅज्युअल्टीतल्या नर्सला आजही हेच शिकवतात. जखम तोंडावर दिसते म्हणून तोंडच पाहू नका, अंगावरचे कपडे कापा, पाठ पाहा. श्वास किती ते अंदाजाने लिहू नका, घड्याळ धरून मोजा. मोठ्या माणसाचा श्वास शांत असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा चालतो. तो 28 झाला असेल तर बाकी माणूस कितीही नीट बोलत असला तरी काहीतरी बिघडले आहे. नाडी आणि रक्तदाब यंत्र दाखवते, तापही दाखवते. श्वास मात्र बघणाऱ्यालाच मोजावा लागतो, म्हणून सगळ्यात जास्त तोच मोजायचा राहतो, असे आम्हांला एका अनुभवी सिस्टरने सांगितले.

व्हिएगस यांनी पाहिले आणि ओळखले. हा ग्रंथिक सन्निपात, गाठीचा ताप, म्हणजे प्लेग. 23 सप्टेंबर 1896 रोजी त्यांनी नगरपालिकेच्या स्थायी समितीत हे उघड सांगितले.

आज हे वाक्य वाचताना सोपे वाटते. पण त्या खोलीत ते काय बोलले याचा विचार करा. मुंबई हे साम्राज्यातले मोठे बंदर. प्लेग हा शब्द एकदा बाहेर पडला की परदेशची बंदरे मुंबईच्या बोटींना आणि मालाला दारे लावणार. गिरण्या थांबणार, यात्रेकरू अडकणार, व्यापारी डोक्याला हात लावणार. आणि निदान चुकीचे निघाले तर मांडवीच्या या देशी डॉक्टरला पुन्हा कोण विचारणार? थोडे थांबू, आणखी दहा रोगी पाहू, वरचे अधिकारी काय म्हणतात ते बघू, असे म्हणायला त्यांच्याकडे हवी तेवढी कारणे होती. सरकारी कागदांतही सुरुवातीला प्लेग हा शब्द टाळून दुसरे शब्द वापरण्याकडेच कल होता. पुढे बाहेरून तज्ज्ञ आले, तपासण्या झाल्या आणि व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

इथे आमचे जुने शिक्षण थोडे डोके वर काढते, त्याबद्दल क्षमा असावी. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे घटक सांगताना दोन गोष्टी जवळजवळ मांडल्या आहेत. एक, दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी. दुसरी, वेळ थोडा असताना स्वतःच चटकन योग्य अंदाज बांधण्याची शक्ती. आपण विवेक म्हणजे सावकाश विचार करणे असे समजतो. संत थॉमस तसे म्हणत नाहीत. जिथे उशीर हाच अपराध ठरतो तिथे चटकन ठरवता येणे हाही विवेकच, आणि तो सरावाने अंगी येतो. कॅज्युअल्टीत एकाच वेळी दहा माणसे आली की कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाकावर बसवायचे, हे नर्स काही क्षणांत ठरवते. लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा रंगांच्या चिठ्ठ्या त्यासाठीच असतात. जो मोठ्याने ओरडतो तो बहुधा लाल नसतो, कारण ओरडायला श्वास लागतो. गप्प पडलेल्याकडे आधी जायचे. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. जखमींना केईएममध्ये आणले. त्या सकाळी तिथल्या नर्सेसना काय करावे लागले असेल ते आपल्या भागातल्या माणसांना सांगायला नको.

परत व्हिएगस यांच्याकडे येऊ. नाव सांगून ते बाजूला झाले नाहीत. प्लेगच्या रोग्यांवर ते उपचार करीत राहिले, आणि घाणीने भरलेल्या वस्त्या साफ करा, उंदीर मारा, म्हणून पाठपुरावा करीत राहिले. पिसवा उंदरांकडून माणसाकडे रोग आणतात हे अजून सिद्धही झाले नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी ते कराचीत 1898 मध्ये दाखविले.

दरम्यान सरकारने डॉ. हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ऑक्टोबर 1896 मध्ये ते आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात एवढीशी जागा आणि मोजकी माणसे घेऊन कामाला लागले आणि 10 जानेवारी 1897 रोजी तयार झालेली लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. ही लस लोकांपर्यंत नेणाऱ्यांत व्हिएगस पुढे होते. त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे 18,000 मुंबईकरांना लस टोचली अशी नोंद आहे. 18,000 वेळा एका घाबरलेल्या माणसासमोर बसायचे, त्याला समजवायचे, त्याचा दंड धरायचा. यातले पहिले निदान इतिहासाने लक्षात ठेवले. आम्हांला विचाराल तर त्या 18,000 सुया अधिक मोठ्या.

सुईचा आणि हाताचा विषय निघाला म्हणून एक दुःखद घटना सांगतो. 1902 मध्ये याच परळच्या लशीने पंजाबातील मलकोवाल गावी 19 माणसे धनुर्वाताने गेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांचे काम गेले. नंतर कळले ते असे की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. बाटली एकच, त्या बाटलीतून टोचलेले सगळे गेले. हाफकिन यांना निर्दोष ठरायला 1907 साल उजाडले. पडलेला चिमटा बाजूला ठेवून दुसरा मागणे, एवढीच ती गोष्ट. रांग मोठी आहे, डॉक्टर घाई करताहेत, अशा वेळी हा चिमटा चालणार नाही असे म्हणणारी नर्स पुष्कळदा कोणालाच आवडत नाही.

आणि हात जपले नाहीत तर काय होते तेही मुंबईच्याच प्लेगने दाखविले. ऑस्ट्रियाहून डॉक्टरांचे एक पथक इथे अभ्यासाला आले होते. त्यांनी जंतू व्हिएन्नाला नेले. ऑक्टोबर 1898 मध्ये तिथल्या प्रयोगशाळेतील एका सेवकाला त्यांची बाधा झाली आणि तो गेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर, जे मुंबईत प्लेगच्या रोग्यांत वावरून सुखरूप परतले होते, तेही गेले. आणि त्या सेवकाची शुश्रूषा करणारी अल्बर्टिना पेखा नावाची नर्सही गेली. तिचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. आपल्या मिस्सेत घ्यायला हरकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने वारल्या, हे मात्र आपण शाळेत शिकलो आहोत.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे रोग्याला घेऊन येणाऱ्यांविषयी.

प्लेगच्या काळात लोकांनी रोगी लपविले. त्यात लोकांचाच सगळा दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. 6 ऑक्टोबर 1896 रोजी पालिका आयुक्तांनी सक्तीचा हुकूम काढला. रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेणार, गरज पडली तर बळाने. ज्या घरातून आई उचलून नेली आणि परत आली नाही त्या घराने पुढच्या वेळी पोराला माळ्यावर लपविले तर नवल काय? अफवा तर भयंकर होत्या. महाराणी व्हिक्टोरिया यांच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते, त्याचा सूड म्हणून इस्पितळात माणसांची काळजे काढून राणीला पाठवतात, असे लोक खरे मानीत. 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ते आपल्याच भागातले लोक. दुसऱ्याच दिवशी पालिकेला सक्ती सैल करावी लागली. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत आठ लाखांच्या मुंबईतून साडेतीन लाखांहून अधिक माणसे गाव गाठून मोकळी झाली होती, आणि काहींनी रोगही बरोबर नेला. जी राहिली त्यांच्यातल्या आपल्या ख्रिस्ती वाड्यांनी क्रूस उभारले. त्यांपैकी काही अजून उभे आहेत.

त्याच आर्थर रोडच्या इस्पितळाचे नाव आज कस्तुरबा. मार्च 2020 मध्ये मुंबईतले कोविडचे पहिले रोगी तिथेच ठेवले होते.

लपविणे संपले असे समजू नका. काही वर्षांपूर्वी आम्हांला रात्री एका इस्पितळातून बोलावणे आले. तेलाभ्यंगासाठी आम्ही घाईने पोहोचलो. रोगी आपल्या धर्मग्रामातले गृहस्थ, एक बाजू लुळी पडलेली. दारातच नर्सने आम्हांला थांबविले. हातात पवित्र तेल, अंगावर झगा, तरी थांबविले. आम्हांला राग आला, हे कबूल करतो. ती नातेवाइकांना पुन्हा पुन्हा एकच विचारीत होती. यांना शेवटचे ठीक कधी पाहिले? नातेवाईक म्हणत होते, आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. तिने तिसऱ्यांदा विचारले, आवाज न चढवता. मग सून रडू लागली. बाबा दुपारपासून तसेच पडले होते, प्यायले असतील म्हणून कोणी उठविले नव्हते.

आम्हांला नंतर समजले की मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि वेळ उलटून गेल्यावर तेच औषध दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. घरच्यांना लाज वाटली म्हणून सांगितलेल्या अर्ध्या तासाने त्यांचा जीव गेला असता. नर्सने आम्हांला थांबविले तेव्हा ती त्या माणसाचा जीव राखीत होती. ते वाचले, हात मात्र अधू राहिला. तेलाभ्यंग त्यांना पहाटे दिला.

म्हणून इथे सरळ लिहितो. घरात कोणी विष घेतले असेल तर तसे सांगा आणि बाटली बरोबर न्या. कोणते विष यावर उपचार ठरतो. दारू घेतली असेल तर सांगा. क्षयाची औषधे मध्येच सोडली असतील तर सांगा, एचआयव्ही असेल तर सांगा. मुलगी गरोदर असण्याची शक्यता असेल तर सासू समोर असली तरी सांगा, नाहीतर नर्सला एकीकडे बोलावून सांगा. छातीत दुखते आहे ते गॅसेस म्हणून घरी जिरवू नका. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा असा नियम आहे, आणि तो निघण्यासाठी आधी तुम्ही पोहोचायला हवे. नर्स जे विचारते ते चौकशी म्हणून नव्हे. पापनिवेदनाच्या वेळी आम्हांला जे सांगता त्याहून तिला कमी सांगू नका, एवढेच आमचे म्हणणे.

आणि जिने ऐकले तिने ते बाहेर बोलू नये, हेही त्यातच आले. आमच्या व्यवसायाला हा नियम जुना आहे. तिच्याही व्यवसायाला आहे. पण अपवाद असा की जो रोग चाळभर पसरू शकतो तो तिला वर कळवावाच लागतो. व्हिएगस यांनी तेच केले. कोणाचे नाव त्यांनी चव्हाट्यावर आणले नाही, रोगाचे नाव आणले.

पुढे 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गर्दीच्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या बाजूला मोकळ्या हवेच्या वसाहती वसल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत झाडाखालून चालताना आपल्याला मांडवीचा तो पावसाळा आठवत नाही, पण त्या रस्त्यांची रुंदी तिथूनच आली आहे. अर्थात त्या कॉलन्यांत घर मिळाले ते परवडणाऱ्यांना. ज्यांच्या चाळी पाडल्या त्यांच्यापैकी पुष्कळांना शेजारच्याच गर्दीत जाऊन राहावे लागले.

व्हिएगस पालिकेत काम करीतच राहिले. 1906 मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या काळी महापौर हे पद नव्हते, अध्यक्षच असे, आणि त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले देशी ख्रिस्ती. 1933 मध्ये ते वारले. त्यानंतर शहराने त्यांचा पुतळा उभारला. ज्या शाळेत ते शिकले ती तिथून फार लांब नाही.

त्यांच्या नावाचा एक रस्ताही आहे. काळबादेवीहून आत वळून कावेलला गेलात की डॉ. व्हिएगस स्ट्रीट लागतो. अरुंद आहे, हातगाड्यांनी भरलेला असतो, पाटी शोधावी लागते. आरोग्यमातेचे मंदिर त्याच रस्त्यावर आहे.

आपले,
तुमचे धर्मगुरू

ता. क. आपल्या धर्मग्रामातील नर्स भगिनी पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते दाखविणार आहेत. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची असते, त्यामुळे थोडा घाम येईल. चहा आहे.